सिसूच्या नावाचा दगड

दोहात नोव्हेंबर आला की खिडक्या उघडतात. उन्हाळाभर बंद असलेली काच सरकवायला दोन्ही हात लावावे लागतात, रुळात साठलेली वाळू करकरते आणि मग एकदाची खालच्या रस्त्याची हवा घरात येते. एसीची घरघर थांबली की पहिले काही दिवस घरात कोणीतरी नसल्यासारखं वाटतं. मग इतके महिने न ऐकलेले आवाज एकेक करून परत येतात. समोरच्या करक चहाच्या दुकानापुढे गाडीत बसूनच वाजवलेले हॉर्न, "यल्ला, यल्ला" अशी घाई करत सामान उतरवणारी माणसं, खालच्या मजल्यावरच्या केरळी बाईंच्या कुकरची शिट्टी. अल मन्सूराच्या या जुन्या इमारतीत मी उभं आयुष्य काढलं, पण ती मला ऐकू येते ती वर्षातले चार महिनेच.

परवाच वसईहून परतले. बॅग अजून दाराशी तशीच आहे, तिच्यातून सुकेळ्यांचा, वाळवलेल्या केळ्यांचा, गोड वास येतो आहे. आणि फोनवर सिसूचा मेसेज येऊन पडला आहे, "फोटो पाठव ना गो, आईचा."

आई म्हणजे तिची आई, आमची रोझामावशी. मावशीला जाऊन पाचेक वर्षं झाली. दोन नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिवशी, आमच्या गावच्या कबरस्तानात तिच्या कबरीवर मेणबत्ती लावायची आणि तिचा फोटो अमेरिकेत सिसूला पाठवायचा, हे काम माझ्याकडे आहे. मेसेज मी वाचलाय, हे तिला तिकडे दिसतंय. मी उत्तर दिलेलं नाही. खिडकीशी बसून बाहेरचे हॉर्न ऐकते आहे, आणि मला आठवतो आहे तो गेल्या वर्षीचा ऑक्टोबर, नदीकाठचं ते गाव आणि टेकडीवरचा तो दगड.

सिसिलिया आणि मी एकाच आळीतल्या. आमच्या वाड्यांच्या मध्ये केळींची एक रांग होती, तेवढंच काय ते अंतर. ती नर्स झाली, मी लॅबचं शिक्षण घेतलं, आणि दोघी एकाच हॉस्पिटलात नोकरी धरून दोहाला आलो. हॉस्टेलच्या खोलीत दोन खाटा आणि एक कपाट. कपाटाचा वरचा खण माझा, खालचा तिचा. पुढे तिचं बांद्र्याच्या वॉल्टरशी लग्न झालं, नोलन झाला, ती दोन गल्ल्या पलीकडे फ्लॅट घेऊन राहिली. माझं लग्न जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी त्याचं फारसं वाईटही वाटून घेतलं नाही. शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सेला आम्ही एकत्र जायचो. इथं आपला रविवार शुक्रवारी येतो. नंतर तिच्याकडे जेवण, दुपारी तिच्या दिवाणावर झोप. नोलन मला फिलूमावशी म्हणायचा, मी मराठीत बोलले की इंग्रजीत उत्तर द्यायचा.

आखातात राहणाऱ्या माणसाचं सगळंच भाड्याचं असतं. घर भाड्याचं, आणि इथं राहायची परवानगीही नोकरी आहे तोवरच. नोकरी संपली की खलास, सामान बांधायचं. साठी जवळ आली की आम्ही सगळेच एकमेकांना हळूच विचारायला लागतो, परत गेल्यावर कुठं, कुणाजवळ? माझ्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. उत्तर होतं सिसू.

आमचा बेत कधी ठरला ते सांगता येणार नाही, तो दरवर्षी थोडाथोडा ठरत गेला. वसईत बाबांच्या वाडीत मी घर बांधायचं. शेजारच्या रोझामावशीच्या वाडीत सिसूने बांधायचं. दोन घरं, पण मध्ये एक दार. "दाराला दोन्हीकडून कडी हवी," सिसू म्हणायची. "भांडलो तर आपापली कडी लावून घ्यायची." दुपारी एकीकडे चहा, संध्याकाळी दुसरीकडे रोझरीची माळ. आणि त्याच्याही पुढचं ठरलेलं होतं. आमच्या कबरस्तानात घराण्याच्या कबरी आहेत. आमच्याकडे जागा इतकी कमी की एकाच कबरीत आजीनंतर आजोबा, त्यांच्यानंतर त्यांची लेक, जुनी हाडं बाजूला सारून नव्याला जागा करायची. सिसू तिच्या आईच्या कबरीत जाणार होती, मी माझ्या बाबांच्या. मध्ये एक पायवाट. "आधी कोण जाईल तिला दुसरीने मेणबत्ती लावायची," असं ती म्हणायची, आणि मी म्हणायचे, "तूच आधी जा. मला काडी पेटवता येते, तुझी वाऱ्याने विझते."

वॉल्टरची नोकरी गेली तेव्हा सिसूने अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात अर्ज केला. तिकडे डोंगराळ भागात नर्स मिळत नाहीत, म्हणून ते आखातातून माणसं नेतात. नोलन तिथल्याच कॉलेजात शिकेल, हा हिशोब होता. जायच्या आदल्या शुक्रवारी चर्चच्या आवारात, कडक उन्हात, तिने माझे दोन्ही हात धरले. "पाच वर्षं गो. पोरगा मार्गाला लागला की आलेच मी. आणि मग वसई."

"नक्की?"

"इन्शाल्ला," ती म्हणाली.

दोहात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला त्या शब्दाच्या तऱ्हा कळतात. दुकानदार म्हणतो, इन्शाल्ला उद्या येईल, आणि आपण समजतो की माल येणार नाही. पण ते दुकानदाराचं. सिसूचं इन्शाल्ला मी अक्षरशः देवाच्या नावाने घेतलं.

ती गेल्यावर वर्षभरात रोझामावशी गेली. सिसूचे कागदपत्र अडकलेले, देश सोडला तर परत घेतील की नाही याचा भरवसा नाही. ती फोनवर नुसती रडत होती. मी दोहाहून पहिल्या विमानाने गेले. मावशीच्या पेटीवर मूठभर माती टाकायची वेळ आली तेव्हा मी आधी माझी मूठ टाकली, आणि मग दुसरी मूठ तिच्या नावाची. पावसाळ्याचे दिवस होते, चिखल हाताला चिकटून राहिला. माझ्या चुलतभावाने फोन धरला होता, तिकडे वॉल्टरने व्हिडिओ लावून ठेवला होता, त्यामुळे तिला सगळं दिसत होतं. त्या दिवसापासून मावशीची कबर माझी झाली, असं मी समजत आले.

आणि मी घर बांधलं. दोहात बसून, फोनवरून, चुलतभावाला सूचना देत बांधलं. फरशी सिसूने निवडली, न्हाणीघर कुठं असावं ते सिसूने सांगितलं. मधलं दारसुद्धा केलं, सागवानी, दोन्हीकडून कड्या. तिच्या बाजूला अजून घर नव्हतं, नुसती केळी आणि गवत होतं, पण ते होणारच होतं. गेल्या वर्षीच्या ईस्टरला व्हिडिओवर दार दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "निळा दे. आपल्या हॉस्टेलच्या कपाटासारखा." मी निळा दिला.

तिची पाच वर्षं होत आली होती. मी माझी वर्षाची सगळी रजा एकत्र केली आणि तिला आणायलाच निघाल्यासारखी निघाले. बॅगेत सुकेळी, घरचा मसाला आणि फोनमध्ये निळ्या दाराचे फोटो, प्रत्येक कोनातून.

वॉल्टर विमानतळावर घ्यायला आला. तासनतास डोंगरांतून गाडी चालली होती. आमच्याकडे मे महिन्यात अंगणात मसाल्याची मिरची वाळत घालतात, तसे ते डोंगर दिसत होते, लाल, मळकट लाल, मध्येच पिवळे. इतकी झाडं मी वाळवंटात राहून विसरलेच होते. मग एका वळणावर खाली नदी आली. रुंद, संथ, मातीच्या रंगाची. तिच्यावरून कोळशाने भरलेले लांबलचक पडाव जात होते, इतके हळू की ते जात आहेत की थांबले आहेत कळू नये. काठाला पुराची भिंत, भिंतीमागे लाल विटांचं गाव, दोन पूल, रेल्वेची शिट्टी. गाव एवढंसंच. पण मध्यभागी स्टेडियम मात्र एवढं मोठं, की अख्खं गाव आत बसून वर जागा उरावी.

आणि सगळीकडे अस्वल. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाचं चिन्ह अस्वल, रंग मरून. न्हाव्याच्या दुकानावर अस्वल, दवाखान्याच्या काचेवर अस्वल, घराघराच्या ओसरीवर मरून झेंडा. मला आधी वाटलं कतारचाच झेंडा लावलाय. सिसूने दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात मरून शाल होती, कतारच्या राष्ट्रीय दिनाला आम्ही दोघींनी दोहाच्या बाजारात घेतलेली. माझीही तशीच आहे. मला इतकं बरं वाटलं. मग तिने शाल उलटी करून दाखवली. मागे तिने अस्वल शिवून घेतलं होतं.

ती बदलली होती का? हो आणि नाही. मसाल्याचं पाकीट फोडून, नाकाशी धरून ती पुन्हा पुन्हा वास घेत राहिली. सुकेळी तिने वॉल्टरपासून लपवून ठेवली. पण शनिवारी मॅच आहे म्हटल्यावर तिच्या अंगात जे वारं शिरलं, ते मी कधी पाहिलं नव्हतं. दोहात आम्ही क्रिकेट बघायचो तेव्हा ही बाई भाजी निवडत बसायची. इथं तिला खेळाडूंची नावं पाठ, त्यांच्या गुडघ्यांची दुखणी पाठ. "आपला तो डावीकडचा पोरगा ना, त्याचा पाय मीच बांधला होता," ती कौतुकाने सांगत होती. मी तिच्या तोंडचा "आपला" ऐकत राहिले.

मी दोनदा निळ्या दाराचे फोटो दाखवायला काढले. दोन्ही वेळा तिने पाहिले, छान म्हणाली, आणि कुणाचा तरी फोन आला. ती परत कधी येणार ते विचारायला मी धीर गोळा करत होते. शनिवारी सकाळी ती म्हणाली, "चल, मॅचच्या आधी तुला एक गंमत दाखवते. वरून सगळं गाव दिसतं."

गाडी टेकडी चढली. वर कबरस्तान होतं, पण आमच्यासारखं खेटाखेट नाही. मोकळं हिरवं गवत, अंतराअंतरावर दगड, कडेला मेपलची झाडं. खाली नदीचं वळण, पूल, आणि बरोबर मध्ये स्टेडियमची वाटी. बँडचा सराव चालला होता, ढोलांचा आवाज वाऱ्याबरोबर वर येत होता. कोणी कोणी कबरींच्या मधल्या रस्त्यावर घडीच्या खुर्च्या मांडून, गाडीची मागची फळी पाडून, सॉसेज भाजत बसले होते. त्या माणसांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आमच्याकडेही कबरस्तानात माणसं गप्पा मारतात, पण भाजत नाहीत.

सिसू एका दगडापाशी थांबली. काळा, गुळगुळीत, नवा. मी सवयीने वाचायला लागले. डावीकडे वॉल्टरचं नाव, जन्मसाल, एक आडवी रेघ. उजवीकडे सिसिलिया, जन्मसाल, आडवी रेघ. रेघेपुढे काही नाही. खालच्या कोपऱ्यात, जिथे आमच्याकडे क्रूस असतो, तिथे अस्वल.

माणसाला भीती वाटली की डोकं चालत नाही, हात आणि तोंड चालतात. मी क्रूसाची खूण केली आणि म्हणायला लागले, "हे परमेश्वरा, यांना चिरंतन विसावा दे..." आमच्याकडे दगडावर नाव येतं ते माणूस गेल्यावर. जिवंत माणसाचं नाव दगडावर कोरलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, वॉल्टर जाणार आहे, दिवस भरलेत, आणि ही मला असं सांगते आहे. अर्धी प्रार्थना होईपर्यंत मागे हसण्याचा आवाज आला.

"अगं ए, मेलो नाही आम्ही अजून," सिसू हसत हसत म्हणाली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "इथं आधीच घेऊन ठेवतात. वॉल्टरच्या बायपासनंतर घेतला. सगळे घेतात."

वॉल्टर गाडीला टेकून उभा होता. "फिलू, व्ह्यू बघ की. सीझन तिकीट कायमचं."

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "बायपासनंतर म्हणजे कधी?"

"झाली असतील दोनेक वर्षं."

"गेल्या ईस्टरला तू मला दाराचा रंग सांगितलास."

"मग?" सिसू म्हणाली. "दाराला रंग नको?"

खाली ढोल थांबले आणि पुन्हा सुरू झाले. मी त्या दगडाकडे बघत होते. दोन वर्षं. म्हणजे मी फरशीचे नमुने पाठवत होते तेव्हा हा दगड इथं उभा होता. न्हाणीघराची खिडकी कुठं यावी यावर आम्ही अख्खा शुक्रवार घालवला तेव्हाही. ती माझ्याशी माझ्या घराबद्दल बोलत होती, मी आमच्या घराबद्दल.

"मला सांगितलं का नाहीस?"

तिचं हसू गेलं. तिने शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, ती जुनी सवय. "कसं सांगायचं होतं? तू बांधत होतीस. इतकी खूश होतीस गो. म्हटलं, होऊ दे बांधून." मग म्हणाली, "नोलन इथं राहणार. उद्या त्याची पोरं इथली. मी वसईला पडले तर तिथं कोण येणार? त्याला कबरस्तानाची वाटसुद्धा माहीत नाही. इथं निदान मॅचला येईल तेव्हा वर बघेल."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला राग आला. ती चुकीचं बोलली असती तर मी भांडले असते, भांडून झाल्यावर आम्ही आपापली कडी लावून घेतली असती आणि संध्याकाळी उघडलीही असती. पण बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

"आणि मावशी?" मी विचारलं.

"आईचं काय, तू आहेस ना तिथं," ती म्हणाली. अगदी सहज म्हणाली, शेजारणीला दूध घेऊन ठेव सांगावं तसं. मग माझा चेहरा पाहून तिने माझा दंड धरला. "ऐक ना. ही बाजूची जागा मोकळी आहे. बोलू का मी त्यांच्याशी? तूही ये इकडे."

मी म्हटलं, "मला थंडी सोसत नाही."

मॅचला गेलो. न जाऊन करणार काय, तिकिटं काढलेली होती. हजारो माणसं एका रंगात, सगळ्यांच्या तोंडून एकच आरोळी. खेळ मला कळला नाही. दोन पावलं धावायचं, एकमेकांवर पडायचं, मग बराच वेळ थांबायचं. आमचा संघ, म्हणजे त्यांचा संघ, पहिल्यापासून हरत होता. तरी कोणी उठून गेलं नाही. शेजारची लठ्ठ, प्रेमळ बाई मला ब्लँकेट देत म्हणाली की आमची सिसी म्हणजे सोनं आहे, सोनं. शेवटी संघ हरला, आणि सगळे उभे राहून, गळ्यात गळे घालून, कॉलेजचं गाणं म्हणाले. सिसूही म्हणाली, डोळे मिटून. हरलेल्या पोरांना ही माणसं सोडत नाहीत, हे मी पाहत होते. सोडायचं नाही ते कोणाला, हे मात्र प्रत्येकजण आपापलं ठरवतो. गर्दीत कोणाला दिसणार नाही म्हणून मी तिथं पोटभर रडले. शेजारच्या बाईला वाटलं मी संघासाठी रडते आहे, तिने मला छातीशी धरलं.

परतायच्या दिवशी सकाळी सिसूने माझ्या बॅगेत मेपल सिरपची बाटली आणि अस्वलाची टोपी कोंबली. दारात मिठी मारून कानाशी म्हणाली, "दोन तारखेला आईला मेणबत्ती लाव. आणि फोटो पाठव." मी मान हलवली. तिला ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही, की माझी सगळी रजा तिच्या गावातच खर्च झाली होती. दोन तारखेला मी दोहाच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या लावत उभी होते. त्या वर्षी मावशीची कबर अंधारात राहिली आणि माझ्या बाबांचीही. चुलतभाऊ लावेल म्हणाला होता, विसरला. सिसूला तेव्हा फोटो मिळाला नाही. तिने विचारलंही नाही. ते दिवस त्यांच्या मोठ्या मॅचचे होते.

वर्षभर आम्ही बोललो. दर शनिवारी तिचा फोन येतो, मागे टीव्हीवर आरडाओरडा चालू असतो. ती मॅचचं सांगते, मी हवेचं सांगते. घराचा विषय ती काढत नाही आणि मीही काढत नाही. मी कोणाजवळ रडगाणं गायले नाही. एकदा फक्त लॅबमधली माझी फिलिपिनो सहकारी म्हणाली, मग काय, घर आहे ना तुझं, जाऊन राहा. तिचंही बरोबरच आहे. घर आहे. पण इथं आखातात कोणाचंच काही कायमचं नसतं, म्हणून तर आम्ही एकमेकींना कायमचं धरलं होतं. ज्याला चारी बाजूंनी स्वतःची माणसं आहेत, त्याला एक माणूस गेलं तर चालतं. माझ्याकडे एकच होतं, आणि ते मला न कळवता गेलं. ती जिवंत आहे, खूश आहे, मला दर आठवड्याला फोन करते, आणि तरी मी तिला गमावून बसले आहे, हे मी कोणाला कसं समजावणार?

या वर्षी मी रजा राखून ठेवली. एक तारखेलाच वसईला पोचले. नव्या घरात रंगाचा वास अजून आहे. दुपारी मधलं दार उघडलं, कडी जरा गंजलीय. पलीकडे मावशीच्या वाडीत गवत छातीएवढं वाढलेलं. केळी कोणी पाहिलेल्या नाहीत, घड झाडावरच काळे पडलेत. एक मांजर त्या गवतातून आलं, माझ्याकडे बघून परत आत गेलं. मी दार लावून कडी घातली आणि झेंडूची फुलं निवडायला बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कबरस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खं गाव तिथं. कोणी खराट्याने पानं झाडतंय, कोणी दगड पाण्याने धुतंय, पोरं मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण गोळा करून गोळे करतायत, फादर पवित्र पाणी शिंपडत रांगेरांगेतून फिरतायत. मी बाबांची कबर घासली, फुलं वाहिली, मेणबत्ती लावली. पिशवीत आणखी एक मेणबत्ती होती. पायवाटेच्या पलीकडे मावशीची कबर, दोन वर्षांचं शेवाळ चढलेलं, सगळ्या उजेडात तेवढीच काळी. माणसं तिच्याजवळून जाताना क्षणभर थबकत होती. आमच्या गावात अंधारी कबर म्हणजे मागे कोणी उरलं नाही.

मी तिथं जाऊन उभी राहिले. मनात आलं, नाही लावायची. तिने तिकडे दगड घेतला आहे, अस्वल घेतलं आहे, मला कशाला राखणदार ठेवलं आहे? येऊ दे तिला, घासू दे शेवाळ. मग आठवलं, लहानपणी आमच्या घरी स्वयंपाक उशिरा व्हायचा, तेव्हा मावशी केळींच्या रांगेतून हाक मारायची, "फिलू, ये गो, भाकर गरम आहे." दोन ताटं वाढलेली असायची, एक सिसूचं आणि एक माझं. म्हातारीने माझं काय बिघडवलं होतं?

मी खाली बसले, शेवाळ नखांनी खरवडलं. पाण्याची बादली दोनदा भरून आणली. फुलं वाहिली. मेणबत्ती पहिल्या काडीत पेटली, वारा होता तरी. मावशीचं नाव उजेडात आलं, त्याखाली सिसूसाठी ठेवलेली मोकळी जागाही आली. मी फोन काढून फोटो घेतला. चांगला आलाय. ज्योत सरळ आहे, नाव नीट वाचता येतं, कोपऱ्यात माझा शेवाळाने हिरवा झालेला हात आलाय.

आत्ता पुन्हा फोन वाजला. "झोपलीस का? पाठव ना. वॉल्टरलाही बघायचाय." खिडकीतून वारा येतोय, खाली कोणीतरी चहासाठी हॉर्न वाजवतंय. मी फोटो उघडून पाहिला आणि बंद केला. मग तिला लिहिलं, "मेणबत्ती लावली. फोटो इथं आहे. बघायचा असेल तर ये."